सुट्टीच्या दिवसाची चढण

१

लबाडी पकडली सुदामने, आणि पकडल्यावर सगळ्यांत जास्त तोंडही त्याचंच पडलं.

माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत, भिंतीवर टांगलेल्या टायरांखाली, आम्ही चौघं लॅपटॉपसमोर बसलो होतो. दुकान डहाणू स्टेशनजवळ. पाटीवर ‘सुषमा सायकल मार्ट’ आहे, ती सुषमा म्हणजे मीच. सायकली विकते, दुरुस्त करते आणि फटकळ बोलते, आणि तिन्ही गोष्टी गावाला ठाऊक आहेत. सुदाम आमच्या क्लबचा कोच, किनाऱ्यावरच्या मच्छीमार वस्तीतला. पाण्यात शांत, जमिनीवर तापट. क्लब ट्रायथलॉनचा. म्हणजे आधी समुद्रात पोहायचं, मग सायकल, मग पळायचं, आणि मध्ये दम खायला थांबायचं नाही. माणसांना हौस तरी काय काय असते!

गोव्याला मोठी स्पर्धा होती. एका देणगीदाराने आमच्यातल्या एकाचा सगळा खर्च उचलायचं कबूल केलं होतं. जागा एक आणि दावेदार दोन. एक नविन, चिकूच्या वाडीवाल्यांचा मुलगा, दांडगा आणि हसरा. दुसरी संगिता, सायवनच्या पाड्यावरची, अंगाने काटकी पण पळायला लागली की मागे वळून बघत नाही. सुदामने नियम साधा ठेवला होता. महिनाभराचा सराव मनगटावरच्या घड्याळात जमा होईल, तो शेवटी एकदम लॅपटॉपवर घ्यायचा. ज्याचा जास्त, तो गोव्याला.

जास्त संगिताचा होता. पण त्यात किडा निघाला.

“हे बघ,” सुदाम म्हणाला. त्याने पडद्यावर एक नोंद उघडली. “पळण्याची नोंद म्हणे. नकाशावर जागा तिच्या पाड्याशेजारची. पुढे जाणं जवळजवळ नाही, एका शेताच्या बांधावर घुटमळल्यासारखं. आणि चढाई बघ! डोंगर चढल्यासारखी. वर, खाली, वर, खाली. अशा कितीतरी नोंदी आहेत. आणि सगळ्या मी दिलेल्या सुट्टीच्या दिवसांच्या, पहाटेच्या.”

“दोरी बांधलीय घड्याळाला,” नविन म्हणाला. “झाडाच्या फांदीवरून टाकायची आणि खालून ओढत बसायचं. घड्याळाला वाटतं माणूस चढतोय.”

मी संगिताकडे बघितलं. ती पडद्याकडे एकटक बघत होती. तिने आलेखावर बोट ठेवलं, एकेका टोकावरून हळूहळू पुढे नेलं, ओठ नुसते हलले. मग तिने बोट मागे घेतलं आणि जी मिठाची गुळणी धरली ती धरलीच.

“बोल ना गं!” मी ओरडले. “केलंस का तू?”

तिने मान खाली घातली. हो नाही, नाही नाही.

टेबलावर तिचं घड्याळ आणि छातीला लावायचा पट्टा पडला होता. काहीतरी करायचं म्हणून मी पट्टा उचलला. बक्कल पार शेवटपर्यंत सरकवलेलं होतं आणि वास आंबूस येत होता. “धूत नाहीस का हे?” मी म्हणाले. त्यावर तिने माझ्याकडे असं काही बघितलं की मी पट्टा मुकाट खाली ठेवला.

सुदामने लॅपटॉप मिटला. “शनिवार संध्याकाळपर्यंत थांबतो. दुसऱ्या कोणी घड्याळ घातलं असेल तर त्या माणसाने क्लबच्या समितीपुढे, याच खोलीत येऊन तसं सांगायचं. मग त्या नोंदी वगळू आणि बाकीचं धरू. बाकीच्यावरसुद्धा हीच पुढे आहे. पण कोणी आलं नाही, तर नाव नविनचं जाईल.”

संगिता उठली आणि एसटी पकडायला निघून गेली. घड्याळ आणि पट्टा टेबलावरच राहिले.

२

ते घड्याळ मी निवडलेलं. म्हणून जास्त झोंबलं.

वर्गणी काढून क्लबने संगितासाठी घड्याळ घ्यायचं ठरवलं, तेव्हा नविनने त्याच्या मनगटावरच्यासारखंच हवं म्हणून हट्ट धरला होता. त्यात गाणी वाजतात, नकाशे दिसतात, बोटाने पडदा सरकतो. मी म्हटलं, गाणी काय समुद्रात ऐकणार? ओल्या बोटाने पडदा सरकत नाही, बटणंच हवीत. समुद्रातून बाहेर आली की एक बटण दाबून सायकल, दुसऱ्यांदा दाबून पळणं, असं हवं. चार्जिंग आठवडाभर टिकायला हवं, कारण सायवनला वीज येते तेव्हा येते. आणि हवेच्या दाबावरून उंची मोजणारं हवं, कारण ही पोर डोंगरातच सराव करणार. पट्ट्याचंही मीच अडून बसले. मनगटावरून काळजाचे ठोके मोजतात ते घाम आला की भरकटतात. छातीचा पट्टा बरोबर सांगतो. सायकलच्या दांड्यावर घड्याळ बसवायची खोबण घेतली, मनगटाचा जास्तीचा रबरी पट्टा घेतला. त्या दिवशी मी दुकानातलं गिऱ्हाईक सोडून दोन तास तिला बटणं शिकवत होते.

तिचा बाप चैत्या तेव्हा स्टुलावर बसला होता. पांढरा सदरा, मांडीवर टोपी, आणि दोन्ही हातांच्या आतल्या बाजूला कोपरापर्यंत घट्टे. सगळं शांतपणे ऐकून त्याने एकच गोष्ट विचारली होती.

“हा कोणाच्याबी हातात चालतो काय?”

“चालतो हो काका,” मी हसून म्हणाले होते. “घड्याळाला काय कळतंय! ज्याच्या हातात त्याचं मोजतं.”

आता तेच घड्याळ माझ्या हातात होतं आणि त्याच्यावर लबाडीचा शिक्का बसला होता. मला काही ते पटेना. एवढी हुशार पोर लबाडी करेल तर इतकी गचाळ करेल? आणि केली नसेल तर गप्प का बसेल? कुठेतरी पाणी मुरत होतं.

शनिवारी सकाळी नविन दुकानात आला, सायकलच्या चेनला तेल न्यायला. मी त्याला आत बसवलं.

“तुझी ती दोरी,” मी म्हणाले. “घड्याळ वर गेलं. बरं. मग पट्टा कुठे होता?”

“तिच्या छातीवर. दोरी ओढली की ठोके वाढणारच.”

“आणि घड्याळ फांदीवर?” मी लॅपटॉप त्याच्यापुढे फिरवला. “बाळा, पट्टा आणि घड्याळ फार लांब गेले की एकमेकांचं ऐकत नाहीत. मी दुकानात शंभर वेळा बघितलंय, पट्टा आत राहिला आणि घड्याळ रस्त्यावर गेलं की आकडा तुटतो. इथे बघ. वरच्या टोकालासुद्धा ठोके कुठे तुटलेत? सलग आहेत.”

“पट्टा साठवून ठेवतो ना, ताई? नंतर भरतो.”

“हा पट्टा पाण्यातलं तेवढं साठवतो. ही नोंद पळण्याची आहे. पळताना तुटलं की तुटलं.”

नविन आलेखावर वाकला. मग म्हणाला, “म्हणजे पट्टा पण वर गेला?”

“पट्टा गेला, घड्याळ गेलं आणि त्यांच्याबरोबर माणूस गेला. दोरी-बिरी काही नाही. कोणीतरी स्वतःच्या अंगाने चढलंय. आणि ती संगिता नाही. तिच्या बरगड्या मोजता येतील आणि पट्टा सोडलाय तो रुंद छातीच्या पुरुषाला लागेल एवढा.”

बोलता बोलता माझी नजर त्याच्या छातीवर गेली. त्यालाही ते कळलं. रुंद छाती, स्पर्धेची हाव, आणि हा सायकलने सायवनपर्यंत जातो, संगिताच्या घरी पाणी प्यायला थांबतो हेही मला माहीत होतं.

“ताई!” तो लाल झाला. “तुम्हाला वाटतं मी तिला अडकवलं?”

“वाटायला माझं काय जातंय? सुट्टीच्या दिवशी पहाटे तू कुठे होतास ते सांग.”

“सुट्टी तिला होती, मला नाही. मी सुदामसरांबरोबर पाण्यात. विचारा त्यांना.”

मी त्याच्यासमोरच फोन लावला. सुदाम म्हणाला, एकही दिवस चुकला नाही, माझ्याच डोळ्यांसमोर पोहत होता. नविनने तेलाची बाटली उचलली आणि दारात थांबला.

“ताई, मला जायचंय गोव्याला. पण असं नाही,” तो म्हणाला. “तिच्या शेजारी चुलत भाऊ राहतो, नितीन. मोबाईलच्या टॉवरवर चढायचं काम करतो. तो बघा.”

टॉवरवर चढणारा! मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि स्कूटरची चावी घेतली.

३

नितीन अच्छाडला भेटला. चेकपोस्टच्या अलीकडे ट्रकांची ही मोठी रांग, आणि एका धाब्याच्या बाकावर हा पठ्ठ्या कमरेचा जाड पट्टा सोडून चहा पीत होता. रुंद छाती, दणकट हात. मला वाटलं, झालं, मिळाला.

“घड्याळ? घातला होता ना एकदा,” तो मोकळेपणाने म्हणाला. “सेल्फी काढला नि परत दिला.”

“आणि टॉवरवर?”

तो हसला. “ताई, वर चढताना आम्हाला अंगठी पण घालू देत नाय. अडकली तर बोट जातो. आणि टॉवर म्हणजे कसा, एकदा चढलो की दुपारपर्यंत वरच. मी खालीवर खालीवर करत बसलो तर कंपनी हाकलून देईल.”

मी त्याला फोनवर आलेख दाखवला. टोकं लहान लहान होती, एकामागून एक. टॉवरची उंची त्याच्या कितीतरी पट. हा नव्हता. मी चहा मागवला आणि अगदीच हिरमुसले.

“पण संगिता आली होती परवा,” नितीन चहात बघत म्हणाला. “मला म्हणते, तू समितीपुढे सांग की मस्करीत मी घातला. मी म्हटलं, न केलेल्या गोष्टीचा मी कशाला सांगू? माझा पण नाव खराब होतो ना. तर रडायला लागली. ती कधी रडत नाय, ताई.”

म्हणजे तिला ठाऊक होतं! कोणी घड्याळ घातलं ते ठाऊक होतं, आणि त्या माणसाला झाकायला ती दुसरा माणूस शोधत होती.

“सुट्टीच्या दिवशी पहाटे ती कुठे असते?”

“बाजारात. आईबरोबर, म्हणजे रखमीकाकूबरोबर, पहिल्या गाडीने तलासरीला भाजी घेऊन जाते. घड्याळ घरी खुंटीला. सरांनीच सांगितलेला ना, सुट्टीला हातात घालायचा नाय म्हणून.”

“आणि घरी कोण?”

“कोण नाय. काका असतो.” तो सहज म्हणाला, जणू खाट असते, मडकं असतं. मीही तेवढ्याच सहज ते सोडून दिलं. चैत्याला अक्षर येत नव्हतं. त्याचा आणि घड्याळाचा काय संबंध?

मी उठले तेव्हा नितीन म्हणाला, “काका तर आम्हालाच रागावतो, घड्याळाला हात लावू नका म्हणून. पोरीचा आकडा हाय त्यात, म्हणतो. लहानपणी आम्ही सगळे वीटभट्टीवर होतो ना. तिथे विटांचा आकडा माणसाचा नाय, घराचा असतो. काकू तापाने पडली की काका तिच्या विटा पण पाडायचा. खाडा पडू द्यायचा नाय. तसाच बघतो तो घड्याळाकडे.”

मी ऐकलं आणि स्कूटरला किक मारली. ऐकलेलं डोक्यात शिरायला मात्र वेळ लागला.

४

तलासरीच्या पुढे रस्त्याकडेला एक म्हातारी ताडी विकत बसली होती. ऊन मी म्हणत होतं. मी थांबले, ग्लास घेतला, तोंडाजवळ नेला आणि तसाच धरून राहिले.

तो वास. आंबूस. पट्ट्याला येत होता तोच.

मी मान वर केली. म्हातारीच्या मागे ताडांची रांग होती. खोडांना चढायला उभे बांबू बांधलेले, आणि एका ताडाच्या शेंड्यावर एक माणूस. कमरेला कोयता, पाठीला मडकं. तो वर बराच वेळ होता. कोयत्याने काहीतरी तासलं, भरलेलं मडकं काढलं, रिकामं बांधलं. मग दोन्ही हातांनी खोडाला मिठी मारून तो उतरला, चार पावलं चालला आणि पुढच्या ताडाला लागला.

मी फोन काढला. आलेख तोच होता. चढण, वर थोडा थांबा, उतरण, थोडं चालणं, पुन्हा चढण. पहिलं टोक उंच, दुसरं बुटकं, तिसरं सगळ्यांत उंच. मी दुसऱ्या सुट्टीची नोंद उघडली. उंच, बुटकं, सगळ्यांत उंच. तिसरी उघडली. तोच क्रम. दोरीने कोणी असं ओढू शकत नाही. ही झाडं होती, रोजची आणि ठरलेली. संगिताने आलेखावर बोट ठेवलं तेव्हा तिचे ओठ का हलले ते मला आत्ता कळलं. ती आपल्या बांधावरचे ताड ओळखत होती.

हातांच्या आतले घट्टे. हा कोणाच्याबी हातात चालतो काय? खाडा पडू द्यायचा नाय.

अरे देवा!

चैत्याच्या लेखी सुट्टी म्हणजे खाडा. घरातलं एक माणूस बसलं तर दुसऱ्याने त्याचं काम भरायचं आणि आकडा एका नावावर लागायचा. आयुष्यभर त्याने असंच काम केलं होतं. सुदामने सांगितलं, ज्याचा जास्त जमा तो गोव्याला. पोर सुट्टीला बाजारात गेली की बापाने खुंटीवरचं घड्याळ घातलं, पट्टा छातीला बांधला, तिच्यासारखं तेच बटण दाबलं आणि तिचा दिवस भरून काढला. यात लपवण्यासारखं त्याला काही वाटलंच नसेल. आणि आम्ही तिकडे डहाणूत बसून त्याच्यावर दोरीची गोष्ट रचत होतो. आम्हा शहाण्यांना काय म्हणावं!

मग मी ठोक्यांची रेष बघितली आणि ताडीचा ग्लास खाली ठेवला.

पहिल्या नोंदीत झाडाखाली आलं की ठोके खाली यायचे. पुढच्या नोंदींत ते खाली यायला वेळ लागत होता. शेवटच्या नोंदीत टोकं, म्हणजे झाडं, जास्त होती. नेहमीच्या फेरीनंतर आणखी काही, नुसती आकड्यासाठी. आणि झाडाखाली तो बसून राहिला होता, उठेपर्यंत बराच वेळ, तरी ठोके उतरले नव्हते. मध्येच रेष वेडीवाकडी उडत होती. मी डॉक्टर नाही. पण रोज धावणाऱ्यांच्या रेषा बघते. हे काळीज दमलं होतं. ही रेष आमच्या चौघांच्या समोर होती आणि आम्ही तिच्यात फक्त लबाडी शोधली.

शनिवार होता. चैत्याची संध्याकाळची ताडांवरची फेरी सुरू व्हायची वेळ होत आली होती. मी तलासरीहून आतला रस्ता धरला आणि खड्डे बघितले नाहीत.

५

पाड्यावर पोचले तेव्हा रखमी, संगिताची आई, अंगणात भाजीच्या जुड्या बांधत होती. “पोरीचा बा ताडावर हाय,” तिने हाताने बांध दाखवला. मी तिकडे निघाले तर विहिरीपाशी संगिता आडवी आली. माझ्या चेहऱ्यावरून तिला सगळं कळलं असावं.

“ताई, त्याला काय बोलू नका.”

“तुला ठाऊक होतं.”

“त्या दिवशीच कळलं. पहिला विहिरीजवळचा, दुसरा वाकडा, तिसरा आजोबाने राखलेला.” तिचा आवाज बारीक झाला. “पट्टा सैल झालेला असायचा. मला वाटायचं आईने धुताना सरकवला.”

“मग बोलली का नाहीस, वेडे? बापाने येऊन दोन शब्द सांगितले की संपलं! बाकीच्या सरावावर तूच पुढे आहेस. जागा तुझी आहे!”

“तो येईल ना,” ती म्हणाली. “पांढरा सदरा घालून येईल. हात जोडून उभा राहील. आणि सर त्याला सांगतील, तू केलं ती लबाडी, त्याच्यामुळे पोरीचा नाव गेला होता. ताई, बाने कोणाच्या झाडाचा एक ताडगोळा कधी उचलला नाय. तो मग माझ्याकडे बघेल कसा? मी गोव्याला जाईन, परत येईन. तो तिथेच राहील, त्या खोलीत.”

मला राग आला. तिचा, सुदामच्या नियमाचा, माझ्या हौसेने निवडलेल्या त्या घड्याळाचा. “अगं, असं सोडून देतात का? तुला लबाड म्हणतील!”

“म्हणू दे.”

तेवढ्यात फोन वाजला. सुदाम होता. “सुषमाताई, काही कळलं? नाव पाठवायचंय. कोण होतं?”

समोर ताडावरून चैत्या उतरत होता. दर दोन फुटांवर थांबायचा, कपाळ खोडाला टेकवायचा, पुन्हा उतरायचा. संगिता माझ्या तोंडाकडे बघत होती आणि नुसती मान हलवत होती. मला एक शब्द बोलायचा होता. तो बोलले असते तर पोर गोव्याला गेली असती. मी आजही तो शब्द घोळवते.

“नाही कळलं,” मी म्हणाले.

सुदाम म्हणाला, “ठीक आहे. नविन.”

चैत्या खाली आला आणि खोडाला पाठ लावून बसला. छाती भात्यासारखी चालली होती. मला बघून त्याने डोक्याचा फडका सोडून तोंड पुसलं आणि हसला.

“ताई! इथवर?”

“काका, तुम्हाला न्यायला आलेय,” मी त्याच्याजवळ उकिडवी बसले. “डहाणूला डॉक्टर आहेत माझ्या ओळखीचे. तुमची छाती दाखवायची.”

“छातीला काय झाला? जरा धाप लागते. वय झाला.”

“बा,” संगिता म्हणाली, “ताई सांगतात तर जायचं. मी पण येते.”

त्याने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. हुशार माणूस. काहीतरी बिनसलंय एवढं त्याला कळलं असावं, पण कुठे ते नाही. त्याने आवाज खाली आणला, जसं मुकादमाला विचारायचं असतं.

“पोरगी म्हणते, मोजणी संपली. ताई, एक विचारू? सुट्टीच्या दिवशी मी घातलेला घड्याळ. तिला बोललो नाय, रागावली असती. बा, तू म्हातारा झाला, कशाला चढतो म्हणाली असती. मी फेरीच्या वर पण पाच-सहा झाडं चढलो, रिकामीच, काय काढायचा नव्हता त्यांच्यावर. तो माझा काम... धरला ना त्यात?”

संगिता विहिरीकडे तोंड करून उभी होती.

“धरला, काका,” मी म्हणाले. “सगळा धरला.”

“मग झाला,” तो म्हणाला आणि समाधानाने डोळे मिटले. थोड्या वेळाने त्याने हात पुढे केला. संगिताने तो धरून त्याला उठवलं, आणि आम्ही तिघं सावकाश बांधावरून घराकडे निघालो. मडकं तिने घेतलं.